आमच्या फियाटचें माहेर

मिलानहून आगगाडीनें निघाल्यावर सुमारें तासाभरांत ट्यूरिन येतें. इटलीस जाणारे आपले लोक रोम, फ्लॉरेन्स व व्हेनिस पाहून परततात. ट्यूरिनचें नांव त्यांच्या यादींत सहसा नसतें. परंतु ज्याच्या अंगणांत कुर्ल्याच्या कारखान्यांतून आलेली फियाट चाळीस वर्षें नांदली आहे, त्यास या गांवाची ओढ लागावी यांत नवल नाहीं. फियाट हें नांव चार आद्याक्षरांचें असून त्यांतील शेवटचें अक्षर या शहराचेंच आहे. 1899 सालीं ही कंपनी येथें स्थापन झाली, आणि 1906 सालीं लान्चिआही येथेंच जन्मली.

येथें घरची एक गोष्ट सांगणें भाग आहे. आमच्याकडे 1985 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. ती आतां मोडींत द्यावी व मोठ्या पडद्याची नवी गाडी घ्यावी, असें चिरंजीवांचें म्हणणें. सौभाग्यवती तटस्थ. शब्द वाढूं लागले तेव्हां आम्हीं इतकेंच सांगितलें, कीं एकदां तिचें माहेर पाहून येतों, मग निकाल देतों. पो नदीच्या कांठीं असलेल्या मोटार-संग्रहालयाच्या दारांत आम्ही उभे राहिलों, ते असा हा निकाल डोक्यावर घेऊन.

संग्रहालयाची मूळ कल्पना 1932 सालची. सध्यांची इमारत 1960 सालीं उघडली. तेथील 'इटाला' गाडीपुढें आमचा अर्धा तास गेला. 1907 सालच्या पेकिंग ते पॅरिस या शर्यतींत प्रिन्स बोर्गेसे यांनीं हीच गाडी दोन महिन्यांत पॅरिसला आणली. वाटेंत रशियांत तिचें लांकडी चाक निखळलें, तेव्हां खेड्यांतील एका गाडीसुतारानें कुऱ्हाडीनें तासून नवें चाक करून दिलें. गाडीस ना टप, ना कांच. उघडी बैठक आणि भलेंथोरलें इंजिन. सुंदर तिला कोणीच म्हणणार नाहीं. तरीही ज्या गाडीचा प्रत्येक अवयव पाहतांच त्याचें काम कळतें, तिच्याकडे पाहतांना मनास एक प्रकारचा विसांवा वाटतो.

हाच विसांवा पुढें 'लान्चिआ लाम्ब्डा'पाशीं वाटला. 1922 पर्यंत मोटार म्हणजे खालीं लोखंडी सांगाडा आणि वर ठेवलेला डबा, अशी समजूत होती. बैलगाडीवर मेणा ठेवावा तशीच ती बांधणी. व्हिन्चेन्त्सो लान्चिआ यांनीं जहाजाच्या कवचावरून धडा घेऊन डबा व सांगाडा एकच केला. त्यामुळें गाडीची उंची घटली, वजन कमी झालें आणि गाडी रस्त्यास बिलगून धांवूं लागली. पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र उसळी देण्याची सोयही तिच्यांत होती. आज ज्यांना आपण ठेंगण्या व डौलदार गाड्या म्हणतों, त्यांचा डौल या युक्तींतून आलेला आहे. आमच्या मतें मोटारीच्या सौंदर्याचा इतिहास रंगाऱ्यापासून नव्हे, या लोहारकामापासून सुरू होतो.

रूपकारांतहि ट्यूरिनची बरोबरी करणारें गांव विरळाच. बत्तिस्ता फारिना यांनीं आखलेली 'सिसिटालिया 202' न्यूयॉर्कच्या आधुनिक कला-संग्रहालयानें 1972 सालीं आपल्या संग्रहांत घेतली. ती पाहून कोणासही मोह पडेल. परंतु खरें सांगावयाचें तर आमचें मन एका निराळ्याच गाडीनें जिंकलें, आणि ती संग्रहालयांत नव्हे, बाहेर एका गल्लींत भाजीवाल्याच्या दुकानापुढें उभी होती. जोर्जेत्तो जुजारो यांनीं आखलेली 1980 सालची 'पांडा'! तिच्या सगळ्या कांचा सपाट, म्हणजे करण्यास स्वस्त व फुटल्यास बदलण्यास सोप्या. बैठकीचीं वस्त्रें काढून धुतां येतात. चालकापुढें, दांडीवर कापड ताणावें तसा, लांबलचक खण असतो. त्यांत वर्तमानपत्र, चष्मा, लिंबें, काय वाटेल तें ठेवा. दिसावयास पेटीसारखी, पण लबाडी कोठेंच नाहीं.

आणि आजच्या गाड्या? त्यांतल्या कित्येकांच्या मुद्रेवर सदैव राग असतो. शेजाऱ्याचें कुत्रें अंगावर यावें तशा त्या मागून आरशांत दिसतात. पुढची जाळी एवढी मोठी, कीं वाटावें आंत भट्टी पेटली आहे. आणि विजेवर चालणाऱ्या ज्या गाडीस तितक्या हवेची गरजच नाहीं, तिच्या तोंडावरही जाळीचें सोंग असतें. अल्प्सच्या पायथ्याकडे जाण्यासाठीं आम्हीं भाड्यानें एक गाडी घेतली होती. तिचें नांव घेत नाहीं. कांचेवर बाष्प धरलें म्हणून वारा वाढविण्यास गेलों, तर पंख्याची कळच नाहीं! पडद्यावर एक चित्र दाबावें, मग दुसरें उघडावें, मग बोट सरकवावें. तेवढ्यांत समोर वळण आलें आणि सौभाग्यवतींनीं जी किंकाळी फोडली ती अद्याप कानांत आहे. पद्मिनींत हेंच काम त्रिकोणी कांच दोन बोटें कलती केली कीं होतें, आणि दृष्टि रस्त्यावरच राहते. यूरोपांत गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेनेंही 2026 पासून दिशादर्शक, भोंगा, कांच पुसणारे पंखे इत्यादींस हातास लागणाऱ्या स्वतंत्र कळा असतील तरच पूर्ण गुण देण्याचें ठरविलें, हें वाचून आम्हांस म्हातारपणींही पक्षकार मिळाल्याचा आनंद झाला.

परंतु पक्षपात सोडून बोलावयाचें, तर चिरंजीवांची बाजू येथेंच बळकट होते. व्होल्व्होच्या नील्स बोहलिन यांनीं तीन टोकांचा पट्टा 1959 सालीं दिला. आमच्या गाडींत तो नाहीं. आघात झाल्यास पुढचा भाग चुरून माणसांस वांचवील, अशी तिची बांधणी नाहीं. चारी चाकांचे ब्रेक ढोलाचे. लांब उतारावर ते तापले कीं पकड सैल होते. मागच्या बैठकीवर आमची पांच वर्षांची नात उभी राहून बाहेर पाहते, त्या दृश्याचें कौतुक आम्ही इतके दिवस करीत होतों. संग्रहालयांत बसून तें दृश्य पुन्हां आठवलें, तेव्हां त्याचें कौतुक वाटेना. नातीस घेऊन त्या गाडींतून द्रुतगति मार्गानें जावयाचें नाहीं, हें तेथेंच ठरलें. नवी गाडी येईल. मात्र ती पट्टे व सुरक्षितता पाहून निवडूं, आणि जिच्या कळा डोळे मिटून सांपडतील तीच घेऊं.

दुसऱ्या दिवशीं लिंगोत्तो पाहिला. फियाटचा हा कारखाना 1923 सालीं सुरू झाला. मात्तेत्रुको नांवाचे अभियंते त्याचे कर्ते. सुमारें अर्धा किलोमीटर लांबीची पांच मजली इमारत! कच्चा माल तळमजल्यावर येई, मजल्यामजल्यानें गाडी घडत वर जाई, आणि पूर्ण झालेली गाडी गच्चीवर निघून तेथील धांवपट्टीवर तपासली जाई. कारखान्याच्या डोक्यावर शर्यतीचा रस्ता ही कल्पना आजही ऐकणाऱ्यास थापच वाटते. दोन्ही टोकांस पट्टी भिंतीसारखी कलती वर चढते; तेथें उभें राहिल्यास पाय आपोआप आंतल्या बाजूस घसरूं पाहतात. 1982 सालीं कारखाना बंद झाला. पुढें रेन्झो पिआनो यांनीं इमारतीचा कायापालट केला. आतां आंत दुकानें व उपाहारगृह आहे, आणि धांवपट्टीवर 2021 पासून बाग आहे.

आमच्या देशाचे धागे या गांवांत अजून आहेत. पुण्यानजीक पिंपरीस बांधलेल्या व 1998 सालीं निघालेल्या टाटांच्या इंडिकेचें रूप ट्यूरिनच्याच एका संस्थेनें आखलें होतें, आणि फारिना यांची पिनिनफारिना ही पेढी महिंद्रांनीं घेतल्याचें 2015 सालीं जाहीर झालें. सासरनें माहेर विकत घ्यावें असा हा प्रकार!

बागेंतल्या बाकावर एक वृद्ध इटालियन गृहस्थ बसले होते. त्यांनीं तुटक इंग्रजींत विचारपूस केली. आम्हीं 'मिल्लेचेन्तो', म्हणजे अकराशें, एवढा शब्द उच्चारला मात्र, आणि ते सावरून बसले. त्यांच्या वडिलांकडे ती होती. इटलींत ती 1969 सालींच बंद पडली. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनीं तीच गाडी 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत चालविली, हें त्यांना खरें वाटेना. पुराव्यादाखल आम्हीं आमच्या पद्मिनीचें छायाचित्र दाखविलें. त्यांनीं तें बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, "हिचें पुढें काय करणार?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

मग त्यांनींच डोळे मिटून उजवा हात हवेंत उचलला व चक्राखालच्या दांड्याचा पहिला गिअर टाकून दाखविला. आमचाही हात नकळत उठला. परंतु आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून आमचा उठला तो डावा. समोरासमोर बसून आम्हीं दोघांनीं चारी गिअर टाकले, आणि उलटा गिअर कोठें असे यावर आमचा थोडा वादही झाला.