अधिकारी कोण?

शिक्षकाच्या धंद्यांत एक विलक्षण अडचण आहे. वर्षभर तो बोलत असतो, आणि ज्या दिवशीं त्या बोलण्याची खरी परीक्षा व्हावयाची, त्याच दिवशीं त्यास तोंड मिटून बाजूस बसावें लागतें. ३६ वर्षें संस्कृत शिकविल्यावर ही गोष्ट आमच्या अंगवळणीं पडली असेल, असा आमचा समज होता. गेल्या श्रावणांत तो खोटा ठरला. त्या प्रसंगानंतर आम्हांस एका क्रिकेटपटूचें स्मरण वारंवार होऊं लागलें. ते गृहस्थ म्हणजे लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी.

आजच्या तरुण वाचकांस हें नांव कदाचित् अपरिचित असेल. हेमचंद्र रामचंद्र अधिकारी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजीं पुण्यास झाला. सतराव्या वर्षीं ते पहिल्या दर्जाचे सामने खेळूं लागले. पुढें बडोद्याकडून व सैन्यदलाकडून खेळले. परंतु उमेदीचीं वर्षें महायुद्धानें गिळलीं, आणि पहिला कसोटी सामना वाट्यास आला तो १९४७ सालीं ऑस्ट्रेलियांत, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं. एकंदर २१ कसोटी सामने, ८७२ धावा आणि एकच शतक. आंकडे डोळे दिपविणारे खास नाहींत.

पण कांहीं माणसांचें मोल आंकड्यांवरून ठरत नाहीं. १९५२ च्या ऑक्टोबरांत दिल्लीस पाकिस्तानचा पहिलावहिला कसोटी सामना झाला. भारताचे नऊ गडी बाद झाल्यावर अधिकाऱ्यांनीं हैदराबादच्या गुलाम अहमद यांस हाताशीं धरून शेवटच्या जोडीची १०९ धावांची भर घातली. स्वतः ८१ धावांवर नाबाद राहिले. गुलाम अहमद यांच्याकडून ५० करून घेतल्या. शेवटच्या जोडीचा हा भारतीय विक्रम २००४ सालापर्यंत टिकला. आमचें शहर त्या काळीं हैदराबाद राज्यांतच असल्यामुळें वडील या भागीदारीची गोष्ट घरच्या माणसाची सांगावी तशी सांगत. “दुसऱ्याकडून धावा करवून घेणें हें स्वतः करण्याहून कठीण,” असें ते शेवटीं पुस्ती जोडीत.

पुढें १९५८-५९ सालीं वेस्ट इंडीजविरुद्धच्या पांच सामन्यांत भारताचे चार कर्णधार झाले. चौथे अधिकारी. वय चाळिशीस टेकलेलें, मालिका आधींच हातची गेलेली. त्यांनीं ६३ व ४० धावा केल्या, तीन गडी बाद केले, सामना अनिर्णित राखला, आणि कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला.

बारा वर्षांनीं ते इंग्लंडच्या दौऱ्यावर संघाचे व्यवस्थापक म्हणून गेले. त्या काळीं निराळा शिक्षक नेमण्याची रीत नसल्यामुळें मुलांची तालीम घेण्याचें कामही व्यवस्थापकाकडेच येई. अधिकारी स्वतः नामांकित क्षेत्ररक्षक, शिपाईगडी. त्यांनीं धावण्यावर, वाकण्यावर, झेल घेण्यावर भर दिला. २३ ऑगस्ट १९७१ रोजीं ओव्हलवर चंद्रशेखरानें ३८ धावांत सहा बळी घेऊन इंग्लंडचा डाव १०१ धावांत गुंडाळला. गोलंदाजी चंद्रशेखराची खरी. परंतु फलंदाजाच्या अगदीं पुढ्यांत उभा राहून एकनाथ सोलकरानें पुढें झेंप घेत नॉटचा जो झेल टिपला, त्यामागें झेलांच्या त्या तालमीचाही वांटा होता, असें आम्ही मानतों.

दुसरा दिवस गणेशचतुर्थीचा. आम्ही तेव्हां तेरा वर्षांचे. राजाबाजारांतील आमच्या वाड्यांत संध्याकाळच्या आरतीचीं तबकें हातांत घेऊन बायकामंडळी खोळंबलेली, आणि काका रेडिओस कान लावून बसलेले. आबिद अलीनें चौकार मारला, भारत चार गडी राखून जिंकला, आणि आरतीस जो आवाज चढला तो आम्हीं पुन्हा कधीं ऐकला नाहीं. त्या दिवशीं ओव्हलवर बेला नांवाची एक हत्तीण आणली होती, हें वर्तमानपत्रांत वाचल्यावर आमच्या आजीस विजयाचें कारण निःसंशय समजलें!

काका मात्र श्रेय देत कर्नलसाहेबांच्या शिस्तीस. १९७४ सालीं तेच व्यवस्थापक व तेच कर्णधार अजित वाडेकर पुन्हा इंग्लंडास गेले. लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत बाद झाला. तिन्ही सामने हरले. इंदुरास विजयाच्या आनंदांत सिमेंटची जी प्रचंड बॅट उभारली होती, तिचीच लोकांनीं विटंबना केली. आणि आमचे काका म्हणाले, “कवायतीनें का क्रिकेट येतें? पोरांचा जाच केला!” माणूस तोच, रीत तीच, तीन वर्षांत शिस्तीचा जाच झाला होता.

आतां आमची गोष्ट. आमचा नातू बारा वर्षांचा. त्याच्याकडून आम्हीं रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गांतील वीस श्लोक दोन महिने घोकून घेतले. स्पर्धेच्या दिवशीं चौदाव्या श्लोकापाशीं तो थांबला. आम्ही तिसऱ्या रांगेंत होतों. आमच्या तोंडून पहिलें पद मोठ्यानें निघून गेलें. नियमाप्रमाणें तो बाद ठरला. त्यानें परीक्षकांकडे पाहिलें नाहीं, आमच्याकडे पाहिलें. घरीं आल्यावर पुस्तक कपाटांत गेलें, आणि महिनाभर तो आमच्यापाशीं पाठ म्हणावयास बसला नाहीं. सूनबाई एवढेंच म्हणाल्या, “मामंजी, त्याला आठवत होतं. तो श्वास घेत होता.”

तो श्वास आम्हांस ऐकूं आला नव्हता. आम्हीं ऐकत होतों तें आमचेंच शिकविणें.

वेदान्तग्रंथांच्या आरंभीं अधिकारी कोण, याचा विचार असतो. तेथें अधिकारी म्हणजे गुरु नव्हे. ज्ञान घेण्यास योग्य झालेला शिष्य. हा अर्थ आम्हीं जन्मभर फळ्यावर लिहिला, पण घरांत अधिकार मात्र आपलाच समजलों. हेमू अधिकाऱ्यांस ४२ धावांच्या त्या सकाळीं काय वाटलें असेल? संकटांत उभें राहण्याची विद्या ज्यांच्या अंगीं होती, त्यांस मैदानांत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. तरी पुढेंही होतकरू मुलांच्या शिबिरांतून ते शिकवीत राहिले. २५ ऑक्टोबर २००३ रोजीं मुंबईस त्यांचें निधन झालें.

आम्हां वडीलधाऱ्यांस शिकविणें जमतें. हात काढून घेणें जमत नाहीं. यंदाची स्पर्धा पुढील आठवड्यांत आहे. पुस्तक कपाटांतून त्याचें त्यानेंच काढलें. काल आम्हीं भीतभीतच विचारलें, “आम्ही येऊं का?”

“या की, आजोबा,” तो म्हणाला, “पण शेवटच्या रांगेत बसा.”

आम्हीं होकार दिला आहे.