पस्तिसाव्या हिश्शाचा रणगाडा

पावसाळ्यात लोणावळ्याला पापड वाळत नाहीत, कपडे वाळत नाहीत आणि प्लॅस्टिकवर मारलेला रंगही धड वाळत नाही. पहिल्या दोन गोष्टी सासरी आल्या आल्याच कळल्या होत्या. तिसरी यंदा कळली, कारण आमच्या आठवीतल्या चिरंजीवांनी घरात रणगाडा आणला.

खराखुरा नव्हे हो! वाढदिवसाला मामाने दिलेला, खोक्यात सगळे भाग सुटे असलेला, एकास पस्तीस प्रमाणाचा ‘टी-९०’. आपल्या सैन्यात हाच रणगाडा ‘भीष्म’ नावाने ओळखला जातो. २००१ साली रशियाशी करार झाला आणि पुढे तो चेन्नईजवळच्या आवडीच्या कारखान्यात तयार होऊ लागला. ह्यांनी खोकं हलवून पाहिलं नि म्हणाले, “एवढ्या पैशांत चांगलं तयार खेळणं आलं असतं.” सासूबाईंचं वेगळंच. “लढाईची खेळणी कशाला घरात?” मी गप्प राहिले. मला आतली गोष्ट ठाऊक होती. चिरंजीवांना खडकवासल्याला एन.डी.ए.त जायचंय, आणि नंतर रणगाड्यांच्याच दलात. हे त्याने फक्त माझ्या कानावर घातलं होतं. मी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

मी शाळेत अर्धा वेळ मराठी शिकवते. दुपारी घरी आले की आम्ही दोघं टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसायचो. मैत्रिणींनो, या कामाला लागणारं निम्मं सामान आपल्या घरातच असतं. सुटे भाग आधी भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचे, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. भाग चौकटीपासून कापायला नेलकटर चालतो, फक्त अगदी कडेला भिडवून कापायचं नाही. जरा टोक ठेवायचं नि ते नखांच्या कानशीने घासून काढायचं. बारीक तुकडे उचलायला भुवयांचा चिमटा, जोडलेले भाग दाबून ठेवायला कपड्यांचे चिमटे. डिंक मात्र खास प्लॅस्टिकचा लागतो. तो प्लॅस्टिक किंचित विरघळवूनच सांधतो, त्यामुळे थेंब जास्त पडला की भाग कामातून गेला. वासही उग्र, खिडकी उघडी हवीच.

चाकांनी जीव काढला! एका बाजूला सहा, प्रत्येक चाक जोड, म्हणजे दोन्हीकडच्या मिळून चोवीस तबकड्या घासायच्या. मटार सोलायला बसावं तसं आम्ही बसलो होतो. बुरुजावर साबणाच्या वड्यांसारख्या विटा बसवायच्या असतात. त्या शोभेच्या नाहीत. खऱ्या विटांत स्फोटक भरलेलं असतं. गोळा आदळला की वीट बाहेरच्या बाजूला फुटते आणि त्याचा जोर मोडते. ऐकून मला गंमत वाटली होती.

मग एके दिवशी मी विचारलं, “यात माणसं बसतात कुठे?” त्याने पुस्तकातलं चित्र दाखवलं. माणसं तीनच. पुढे मधोमध चालक, जवळजवळ रेललेला. बुरुजात उजवीकडे प्रमुख, डावीकडे तोफ चालवणारा. गोळा भरायला चौथा माणूस नाही, ते काम यंत्र करतं. त्यासाठी बावीस गोळे या दोघांच्या पायांखालीच गोल चक्रात मांडून ठेवलेले असतात. पायांखालीच! मी हातातली कानस खाली ठेवली. साडेपाच फुटांचा माणूस या प्रमाणात पाचएक सेंटिमीटरचा होतो. तेवढी आगकाडी घेऊन मी चालकाच्या झडपेशी धरून पाहिली. आमच्या फळीवरच्या डब्यांना याहून ऐसपैस जागा आहे.

गणपतीच्या सुट्टीत नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, गेलो. तिथलं रणगाड्यांचं संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झालेलं आहे. देशोदेशीचे जुने रणगाडे उघड्यावर ओळीने उभे. जवळ गेल्यावर लोखंडाची जाडी कळते, ती चित्रात कळत नाही. परतताना चिरंजीवांनी अरुण खेत्रपाल यांची हकीगत सांगितली. जन्म पुण्याचा, १९५० सालचा. पलटण पूना हॉर्स. १६ डिसेंबर १९७१ला बसंतरच्या लढाईत त्यांच्या ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियन रणगाड्याला आग लागली, बाहेर पडण्याचा हुकूम आला, पण तोफ चालू आहे म्हणून ते बाहेर पडले नाहीत. परमवीरचक्र मरणोत्तर मिळालं. तो रणगाडा नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवलेला आहे. तो सांगत होता शौर्य, नि मी मनात वय मोजत होते. एकवीस. आमचा चौदाचा. सात वर्षं.

रंगाचं राहिलंच. जुलैत चिरंजीवांनी घाई करून डब्यातला फवारा मारला, तर दमट हवेने रंगावर पांढुरकी साय धरली. सगळं घासून पुन्हा करावं लागलं. मग मी सक्त सांगितलं, ऑक्टोबरचं ऊन पडेपर्यंत ब्रशला हात नाही. त्यामुळे दसऱ्याला रणगाडा करडाच होता. पाहते तर खंडेनवमीच्या पूजेत विळी, कात्री, ह्यांचे पाने यांच्याशेजारी तोही! वर झेंडूचं फूल. “आयुध ते आयुध,” सासूबाई म्हणाल्या. मी काही बोलले नाही.

उन्हात मात्र काम झरझर झालं. रंग पातळ करून दोन-तीन हात द्यायचे, एक वाळला की दुसरा. हिरव्यावर वाळूच्या रंगाचे पट्टे. खाचांत पातळ काळपट रंग सोडून वरचा पुसून घेतला की विटा उठून दिसतात. राजस्थानची धूळ कशी दाखवायची यावर बराच खल झाला. अंगणातली तांबडी माती त्याला पसंत नव्हती. शेवटी माझी चेहऱ्याची मुलतानी माती वस्त्रगाळ करून मऊ ब्रशने चाकांवर लावली नि वरून बिनचकाकीचं व्हार्निश फवारलं. हुबेहूब! व्हार्निशने ती थोडी गडद होते, म्हणून हात सढळ ठेवावा.

दिवाळीत अंगणात लोहगड केला, विंचूकाट्यासकट. मातीचे मावळे बुरुजावर नि पायथ्याशी भीष्म. शेजारणी हसल्या, पण पाहून गेल्या. चालकाची झडप चिकटवायची तेवढी राहिली होती. “लढाईत ती बंद असते, आई,” चिरंजीव म्हणाले.

“असू दे,” मी म्हटलं. “तू उघडीच चिकटव.”

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि उघडी चिकटवली.