देखणा असुर

देवी कशी काढायची हे मला कुणी सांगत नाही. असुराबद्दल मात्र सगळे बजावतात. नवरात्राचा पडदा रंगवायला देताना मुरगूडची पोरं एवढंच म्हणतात, "पेंटर, महिषासुर दांडगा पायजे!" देवीचे डोळे, आयुधं, सिंह सगळं ठरलेलं. चित्रकाराला मोकळं रान मिळतं ते असुरापाशी.

मध्ययुगीन युरोपातल्या ख्रिस्ती पोथ्यांची चित्रं पुस्तकांतून बघताना हेच जाणवलं. तिथला देवदूत शांत चेहऱ्याचा, मागे सोन्याच्या वर्खाचं वलय. सेराफिम जातीच्या देवदूताला सहा पंख आणि बहुधा तांबडा रंग, केरुबिम जातीच्याला निळा. सैतान मात्र चित्रकारागणिक निराळा. सन ८००च्या सुमाराच्या 'बुक ऑफ केल्स'मध्ये तो काळाकुट्ट, काटकुळा. तेराव्या शतकात बोहेमियात लिहिलेल्या 'कोडेक्स गिगास'मध्ये हिरव्या तोंडाचा, शिंगांचा, दोन लाल जिभांचा. उंची जवळजवळ अर्धा मीटर. समोरच्याच पानावर स्वर्गनगरी. पोथी उघडली की दोन्ही एकदम नजरेत भरतात.

पण मला हलवलं ते लिंबुर्ग बंधूंनी. फ्रान्सच्या बेरीच्या ड्यूकसाठी १४११ ते १४१६च्या दरम्यान त्यांनी एक प्रार्थनापोथी रंगवली. तिच्या एका पानावर बंडखोर देवदूत स्वर्गातून कोसळताहेत. वर त्यांची आसनं रिकामी. खाली त्यांचा म्होरक्या ल्युसिफर, मुकुटासकट, उलटा. शिंगं नाहीत, नखं नाहीत. तेच निळे झगे, तेच सोनेरी पंख. पाप दाखवलंय ते फक्त पडण्याच्या दिशेतून. उत्तम निळा तेव्हा अफगाणिस्तानातल्या लाजवर्दी दगडातून निघे, भलता महाग. तसला रंग पतितांवर खर्चायला छाती लागते.

अनेक पोथ्यांत सैतानाचे चेहरे वाचकांनी खरवडलेले, बोटांनी पुसलेले दिसतात. चित्रकाराला याहून मोठी पावती कुठली? आपल्याकडे रीत निराळी. करवीरची, म्हणजे कोल्हापूरची, कथा अशी, की कोल्हासुरानं मरताना वर मागितला आणि या नगरीला त्याचं नाव लागलं. मारलेल्या असुराचं नाव आम्ही रोज पत्त्यावर लिहितो.

म्हणून मीही महिषासुराला देवीइतकाच वेळ आणि तितकाच चांगला रंग देतो. रेड्याच्या धडातून निघणारा माणूस देखणा काढतो. पोरं कुरकुरतात, "ह्यो तर हिरो दिसाय लागलाय!"

दिसू दे. कुरूप असुर कुणीही ओळखतो. देखण्याला ओळखून त्रिशूळ रोखायचा, तर तिथं देवीच लागते.