अभ्यास आहे का हा?

लेक इंग्रजी माध्यमात, तिसरीला. मराठी अक्षराला अक्षर लावत वाचते. जोडाक्षर आलं की पुस्तक मिटते. पहिल्यांदा औरंगपुऱ्यातून मी ‘श्यामची आई’ आणलं. ते वाचून लहानपणी मी रडलो होतो, एवढीच माझी कसोटी. तीन पानांनंतर ती म्हणाली, “बाबा, अभ्यास आहे का हा?”

मग माधुरी पुरंदऱ्यांचं ‘राधाचं घर’. चित्रंही त्यांचीच, मजकूर थोडा. एका बैठकीत वाचलं आणि वर शेरा, “हे छोट्यांचं आहे.” खरी गोची इथेच. जे वाचता येतं ते बाळबोध वाटतं. जे आवडेल ते वाचता येत नाही.

शेवटी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे काढला. पुंडलिकनगरच्या आमच्या गच्चीवर संध्याकाळी मीच मोठ्यानं वाचू लागलो. त्याचं ‘ट्टॉक’ तिला लगेच जमलं. शेजारच्यांनाही कळलं असावं. चौथ्या दिवशी, बन्या ऐन संकटात असताना, मी फोन आल्याचं सोंग केलं आणि पुस्तक तिथंच ठेवून खाली आलो. (फसवणूकच ती, पण असो.)

बराच वेळ वर सामसूम. मग जिन्यातून हाक आली, “बाबा, विद्याभवनमधला ‘द’ला चिकटलेला कोण?”