डबीवरचं 'अल्कोहोल' मराठीत आणताना

वालचंदनगर हे साखर कारखान्याभोवती वसलेलं गाव. इथे 'अल्कोहोल' म्हटलं की डोळ्यांपुढे मळी येते. ऊस, साखर, उरलेली मळी आणि मळीपासून स्पिरिट, ही साखळी इंदापूर-बारामतीत शाळकरी पोरालाही ठाऊक असते. म्हणून मोहल्ल्यातल्या एका खालांनी कोल्ड क्रीमची डबी पुढे करून विचारलं, "बेटा, यात दारू आहे म्हणे. लावून नमाज होईल का?" तेव्हा मला नवल वाटलं नाही. डबीवर 'सीटाइल अल्कोहोल' होतं आणि मोबाईलने त्याचं भाषांतर 'मद्य' असं केलं होतं.

मी प्रसाधनांची माहितीपत्रकं मराठीत आणण्याचं काम करतो. असे प्रश्न मला नेहमी भेटतात.

रसायनशास्त्रात अल्कोहोल हे एका पदार्थाचं नाव नसून आडनाव आहे. आणि शेख आडनावाची सगळी माणसं एका घरातली नसतात. नशा आणणारं इथाइल अल्कोहोल पातळ, भुर्रकन उडून जाणारं. त्यात कार्बनचे 2 अणू. सीटाइलमध्ये ते 16. ते पांढरं, मेणचट असतं, नशा आणत नाही, क्रीमला घट्टपणा देतं. शेव्रल या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1817 मध्ये ते देवमाशाच्या मेणातून वेगळं केलं, म्हणून लॅटिनमधल्या देवमाशाचं नाव त्याला चिकटलं. आज ते बहुतेक पाम तेलापासून बनतं. नाव मात्र तेच राहिलं.

गंमत म्हणजे 'अल्कोहोल' हा शब्दच आपल्या सुरम्याचा. अरबी 'अल-कुहल' म्हणजे डोळ्यांत घालायची बारीक भुकटी. युरोपात तो शब्द आधी कुठल्याही बारीक भुकटीसाठी, मग अर्कासाठी आणि शेवटी दारूच्या अर्कासाठी रुळला. शृंगारातून निघालेला शब्द मद्याची वाट फिरून पुन्हा शृंगाराच्या डबीत आला.

फ्रेंचमध्ये अशा पदार्थांना 'अल्कोल ग्रा', म्हणजे मेदाचं अल्कोहोल म्हणतात. मराठीत 'मेदाम्ल' रुळलेलाच आहे. त्याच चालीवर मी 'मेद-अल्कोहोल' लिहितो. 'मद्यार्क' लिहिलं असतं, तर खालांनी चांगली डबी उकिरड्यावर टाकली असती.

उलटही घडतं. लिपस्टिकवर 'सीआय 75470' एवढाच आकडा असतो. तो कार्माइनचा, म्हणजे कोचिनील किड्यापासून काढलेला लाल रंग. आकडा जसाच्या तसा उतरवला तर भाषांतर अचूक, पण वाचणारी अंधारातच. ग्लिसरीनचं आणखी अवघड. ते खोबरेल तेलातूनही निघतं आणि जनावराच्या चरबीतूनही. नाव दोन्हीकडे एकच. तिथे कोणताही कोश कामाला येत नाही, कंपनीलाच विचारावं लागतं.

म्हणून मी मूळ नाव देवनागरीत ठेवतो आणि शेजारी साध्या मराठीत लिहितो : काम काय, बनतं कशापासून, आणि ते नावावरून कळत नसेल तर तसंही. जायज-नाजायज ठरवणं माझं काम नाही, ते उलेमांचं. पण त्यांच्यापुढे जाणारा प्रश्न चुकीच्या शब्दावर उभा राहू नये, एवढी जबाबदारी भाषांतर करणाऱ्याचीच. खालांच्या भाषेत न उतरलेली माहिती त्यांच्यापर्यंत पोचली, असं मी मानत नाही.