गोंधळ

परवा सकाळी वर्तमानपत्र उघडलं तर पहिल्याच पानावर सभागृहात गोंधळ, आतल्या पानावर परीक्षेच्या निकालात गोंधळ. चहा संपेपर्यंत मी चार गोंधळ मोजले. आमच्या माहेरी मात्र "यंदा गोंधळ घालायचाय" असं आई म्हणाली की तांदूळ निवडायला घ्यायचे आणि पुरणाची डाळ भिजत घालायची. शब्द तोच. गंमत म्हणजे क्रियापदही तेच, घालणे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी बसलेले आहेत, तेव्हा हे काही आजचं नाही.

पण मला हा शब्द वर्तमानपत्रात दिसला तरी आठवतो तो माझा वर्ग.

१९७६ साल. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी मला नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. सातवीचा वर्ग. मी फळ्यावर लिहीत होते आणि मागे कलकल चालली होती. मागे न बघताच मी ओरडले, "कोण गोंधळ घालतंय रे?"

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला. "आमचे वडील घालत्यात, बाई."

वर्ग फुटला हसून. मला तो शुद्ध उद्धटपणा वाटला. हातावर दोन पट्ट्या दिल्या आणि त्याला बाहेर उभं केलं. तो रडला नाही की उलट बोलला नाही. नुसता गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला. (बघा, इथे मलाही दुसरा शब्द सापडत नाही.)

मधल्या सुट्टीत शिपाईमामांनी सांगितलं, "बाई, ते गोंधळ्याचं पोर आहे. लग्नसराईत रात्रभर बापाबरोबर दिवटी धरून उभं असतं आणि सकाळी तसंच शाळेत येतं." मी त्याला आत बोलावलं, "बस" म्हणाले. माझं चुकलं असं म्हणाले नाही. मुलांची माफी मागायची रीत तेव्हा शाळेत नव्हती, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. त्या दिवसापासून मुलं त्याला 'ए गोंधळ' अशीच हाक मारू लागली. जूनमध्ये आठवीच्या हजेरीत त्याचं नाव नव्हतं.

मागच्या वर्षी भाच्याकडे लग्नानंतर गोंधळ होता. मी मुद्दाम अगदी पुढे बसले. चौरंगावर नवं वस्त्र, त्यावर तांदळाचा चौक, कलश, नारळ, विडे, वर पाच उसांचा मांडव. आधी गण. मग एकेका देवाला त्याच्या गावासकट आमंत्रण: तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा. यजमानांचं कुलदैवत राहून जाऊ नये म्हणून आधीच विचारून घेतलेलं. मग आख्यान, शेवटी आरती. संबळ आणि तुणतुणं एका मात्रेनं चुकलं नाही. मी पस्तीस वर्षं शाळेत काढली, इतका शिस्तीचा तास माझाही कधी झाला नसेल. लांबून ऐकणाऱ्याच्या कानावर नुसता अपरात्रीचा संबळ आणि आरोळ्या पडत असणार, त्यावरून त्यानं हा शब्द उचलला असावा, असा आपला माझा तर्क. त्या रात्री मात्र खुर्च्या सरकवत, फोनवर मोठमोठ्यानं बोलत होतो ते आम्हीच. "कार्यालय अकराला रिकामं करायचंय, आटपा" असंही मधेच कुणीतरी सांगून गेलं. त्यांनी मान डोलावली आणि आख्यान आवरतं घेतलं.

संबळ वाजवणारे साठीच्या पुढचे होते. सगळं आटोपल्यावर मी जवळ जाऊन त्यांना गाव विचारलं.

"परभणीकडचं. का हो आजी?"

"काही नाही," म्हणाले.

त्यांनी तेलानं काळे झालेले हात पुसले आणि दिवटी फडक्यात बांधायला घेतली.