पानांची न्याहारी

झाड मुळांनी जेवते, एवढे शाळेत शिकलो होतो. पानेही थोडेफार घेतात, हे बेळगावात शेजारच्या अज्जींनी शिकवले. "एलिगू होट्टी ऐती," त्या म्हणाल्या. पानालाही पोट आहे!

आई गेली त्या पावसाळ्यात तिच्या मोगऱ्याची कुंडी फुटली. दुसरीत हलवताना निम्मी मुळे तुटली, पाने पिवळी पडली. मुळाशी खत घालावे तर घेणार कोण? पाऊस उघडल्यावर अज्जींनी गंजल दिले. गोमूत्राचा हा कानडी शब्द आता आमच्या घरात मराठीच झाला आहे. 1 भाग गंजल, 20 भाग पाणी. पंच्यातून दोनदा गाळायचे, नाहीतर पंपाचे तोंड तुंबते. त्यातला नत्र बराचसा युरियाच्या रूपात असतो, तो पानात चटकन शिरतो. फवारायचे मात्र सकाळी लवकर. भर उन्हात थेंब लगेच सुकतात आणि पान करपते. पानाच्या पाठीवर मारायचे, छिद्रे बहुतेक तिथेच. वासाचे म्हणाल तर तासभर खिडक्या बंद!

याचा फार गवगवा करणाऱ्यांशी माझे पटत नाही. ही न्याहारी, जेवण मुळांनाच, शेणखताचे. पण आजाऱ्याला जेवण जाईना की आपण चमचा चमचा पेज घालतोच ना? आईलाही शेवटी तेवढीच जात होती.

दर आठवड्याला फवारत गेलो. पाचव्या खेपेला शेंड्याला पोपटी फूट दिसली. चैत्रात सात फुले आली, ती अज्जींच्या देवाला दिली. त्यातली तीन त्यांनी भिंतीवरून परत केली, आईच्या फोटोसाठी.